इवल्या वाद्याचा आवाज

कोणत्याहि वाद्याचा इतिहास हा एका अर्थानें त्याच्या श्रोतृवर्गाचा इतिहास असतो. ओटीवर बसून वाजविलें जाणारें वाद्य दहाबारा माणसांना ऐकूं आलें म्हणजे पुरे होतें. देवळाच्या सभामंडपांत त्याला शेंदोनशें माणसांपर्यंत पोहोंचावें लागतें. आणि नाट्यगृहांत हजार माणसें पुढ्यांत बसलीं म्हणजे त्याच्या अंगच्या बळाची खरी परीक्षा होते. ह्या परीक्षेंत जीं वाद्यें उतरलीं तीं सभेंत मानानें मिरवलीं. जीं उतरलीं नाहींत तीं माजघरांत राहिलीं. विसाव्या शतकांत विजेनें ही परीक्षाच पालटून टाकली. वाद्य केवढें आहे ह्याला पूर्वीइतकें महत्त्व उरलें नाहीं. त्याचा नाद विजेच्या रूपांत उतरवितां येतो कीं नाहीं, हा नवा प्रश्न पुढें आला.

आज ज्या वाद्याची हकीकत मी सांगणार आहें, तें जेमतेम हातभर लांबीचें, चार तारांचें युकुलेले होय. लाकडाच्या लहानशा पेटीसारखें त्याचें अंग, आणि आवाज गोड पण कोमल. त्याला विजेची जोड कशी मिळाली, ती इतक्या उशिरां कां मिळाली, आणि आपल्या घरच्या युकुलेलेला अशी जोड द्यावयाची झाल्यास काय निवडावें व काय जपावें, एवढाच ह्या भाषणाचा विषय आहे. हे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचीं उत्तरें एकाच ठिकाणीं सांपडतात, असें मला वाटतें.

अटलांटिक महासागरांत, आफ्रिकेच्या वायव्येस, मदीरा नांवाचें पोर्तुगीज बेट आहे. गोव्यावर १९६१ पर्यंत ज्या राष्ट्राचा अंमल होता, त्याच राष्ट्राचें हें बेट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील द्राक्षमळे रोगानें उध्वस्त झाले आणि गोरगरिबांना परमुलखाची वाट धरावी लागली. त्याच सुमारास पॅसिफिक महासागरांतील हवाईच्या स्वतंत्र राज्यांत उंसाचे मळे वाढत होते आणि मळेवाल्यांना मजुरांची उणीव भासत होती. २३ ऑगस्ट १८७९ रोजीं 'रेव्हन्सक्रॅग' हें जहाज चार महिन्यांचा प्रवास संपवून होनोलुलू बंदरांत शिरलें, तेव्हां त्यावर मदीराचीं ४०० हून अधिक माणसें होतीं. त्यांच्या गांठोड्यांत 'माशेत' हें चार तारांचें चिमुकलें वाद्य होतें. ह्या नव्या पाहुण्यांनीं रात्रीं रस्त्यांवर गाणें-बजावणें करून नगरवासीयांना रिझविल्याचें वृत्त थोड्याच दिवसांत, सप्टेंबर महिन्यांत, 'हवाईयन गॅझेट' पत्रांत आलें.

त्या जहाजावर मानुएल नूनिश, ऑगुश्तु दीयश आणि जुझे दु इश्पीरितु सांतु हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. मळ्यावरची बोली पुरी झाल्यावर ते होनोलुलूंत आले आणि १८८० नंतरच्या कांहीं वर्षांतच त्यांनीं वाद्यें घडविण्याचीं दुकानें थाटलीं. माशेतचा आकार त्यांनीं कायम ठेविला. तारा जुळविण्याची रीत मात्र मदीराच्याच 'रझांव' नांवाच्या पांच तारांच्या वाद्यावरून घेतली. लाकूड निवडलें तें हवाईच्या रानांतील कोआचें. कोआ हें आपल्या बाभळीच्या गोतांतलें झाड. लाकूड तांबूस, रेषारेषांचें, आणि पातळ तासलें तरी टिकणारें. अशा रीतीनें परदेशांतून आलेलें वाद्य एका पिढीच्या आंत त्या बेटाचें झालें. त्याचें नांवहि हवाईच्या भाषेंतलें. 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडणें. वादकाचीं बोटें पिसवांसारखीं तारांवर उड्या मारतात म्हणून हें नांव पडलें, असें बहुतेक सांगतात. राणी लिलिउओकलानी हिला मात्र दुसरा अर्थ प्रिय होता: 'येथें चालून आलेली देणगी'.

तिचा भाऊ राजा कलाकौआ हा ह्या वाद्याचा मोठा आश्रयदाता. हा राजा १८८१ सालीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असतां कलकत्त्याहून आगगाडीनें आपल्या मुंबईस येऊन पुढें इजिप्तकडे गेला होता. ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या प्रभावामुळें हवाईचें पारंपरिक हुला नृत्य मागें पडत चाललें होतें. त्यानें तें पुन्हां दरबारांत आणलें, आणि १८८६ सालीं त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवाच्या सुमारास युकुलेले हुलाच्या साथीला बसलें. राजानेंच हातीं धरल्यावर प्रजेनें तें आपलेंसें केलें ह्यांत नवल नाहीं.

पण राज्याचे दिवस भरत आले होते. १८९३ सालीं साखरेच्या व्यापारांत गुंतलेल्या गोऱ्या पुढाऱ्यांनीं, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरले असतां, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलें. १८९८ सालीं अमेरिकेनें हवाई खालसा केली. राज्य गेलें आणि संगीत मात्र जगभर निघालें, ही ह्या कथेंतील हृदयाला चटका लावणारी गोष्ट होय. पनामा कालवा खुला झाल्याच्या निमित्तानें १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें मोठें प्रदर्शन भरलें. तेथील हवाईच्या दालनांत जॉर्ज अवाई व त्याचे सोबती रोज वाजवीत, आणि तें ऐकून अमेरिकेंत युकुलेलेची लाट उसळली. पुढच्याच वर्षीं सॅम्युएल कामाका ह्यांनीं होनोलुलूंत आपला धंदा सुरू केला. तो आजहि त्याच घराण्याच्या हातीं आहे. अमेरिकेंतील मार्टिन कंपनीनें १९०७ च्या सुमारास कांहीं युकुलेले करून पाहिलीं होतीं. परंतु तीं गिटारच्या बेतानें, आंतून भक्कम पट्ट्या मारून केलेलीं असल्यामुळें त्यांचा आवाज बसका झाला. १९१६ च्या सुमारास हलक्या अंगाचीं वाद्यें केलीं तेव्हां कोठें यश आलें. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. ह्या वाद्याचा सारा प्राण त्याच्या हलकेपणांत आहे. तारेची शक्ति मुळांतच थोडी. वरची फळी, जिला आपले कारागीर तबली म्हणतात, ती जितकी मोकळी हलेल तितका नाद उमटेल.

लाट आली तसा आवाजाचा प्रश्नहि आला. दिवाणखान्यांत शोभणारें वाद्य आतां हजार आसनांच्या रंगभूमीवर, पितळी तुताऱ्या व नगारे ह्यांच्या शेजारीं उभें करावें लागे. पहिला उपाय म्हणून युकुलेलेचा दांडा बँजोच्या कातड्यावर चढविला. त्यांतून निघालेलें बँजोयुकुलेले इंग्लंडांत जॉर्ज फॉर्म्बी ह्या नटानें १९३० नंतरच्या दशकांत घरोघर माहीत केलें. त्याचा आवाज दूर जाई खरा, पण तो डफासारखा टणत्कार होता. कोआचा उबदारपणा त्यांत नव्हता. दुसरा उपाय धातूचा. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नॅशनल ह्या कंपनीनें वाद्याच्या पोटांत ॲल्युमिनियमचा पातळ शंकु बसवून गिटार व युकुलेले हीं दोन्ही केलीं. आवाज वाढला, पण त्यालाहि धातूची झांक आली. उपाय कोणताहि करा, आवाजाच्या मोबदल्यांत वाद्याला आपलें कांहीं तरी द्यावें लागत होतें.

तिसरा उपाय ध्वनिग्राहक मायक्रोफोनचा. आणि तो ह्या वाद्याला फार मानवला. अमेरिकेंत नभोवाणीचे पहिले दिवस चालू असतां वेंडेल हॉल, क्लिफ एडवर्ड्स यांसारखे गायक युकुलेले घेऊनच मायक्रोफोनपुढें उभे राहत. बंद खोलींत, वीतभर अंतरावरून, मायक्रोफोन त्याचा प्रत्येक बारकावा टिपी. परंतु भरल्या सभागृहांत हाच मायक्रोफोन शेजारच्या तुताऱ्याहि टिपतो, श्रोत्यांची कुजबुजहि टिपतो, आणि कर्ण्यांतून बाहेर पडलेला आवाज पुन्हां स्वतःच ऐकून भेसूर किंकाळी फोडतो. हवेंतून ऐकणाऱ्या कानाला 'एवढेंच ऐक' असें सांगतां येत नाहीं. तेव्हां हवेला टाळून वाद्याचा नाद थेट वाद्यापासूनच घ्यावा, ही कल्पना निघाली. असा नाद थेट घेणाऱ्या साधनाला पिकअप म्हणतात.

ह्या कल्पनेला पहिलें मोठें यश मिळालें तें हवाईच्याच संगीतांत. पण तें युकुलेलेच्या वांट्याला आलें नाहीं. १८९० च्या सुमारास जोसेफ केकुकु ह्या हवाईयन तरुणानें गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादी तारांवर पोलादाचा तुकडा सरकवीत वाजविण्याची रीत रूढ केली. तीच आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून ओळखली जाते. हिलाहि सभागृहांत आवाज कमी पडे. जॉर्ज बीचम हा तिचा अमेरिकन वादक. त्यानें ॲडॉल्फ रिकनबॅकर ह्याच्या साहाय्यानें १९३१-३२ सालीं तारांभोंवतीं नालाच्या आकाराचे चुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवून एक गिटार केली. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व येथें कामीं आलें. पोलादाची तार चुंबकाच्या क्षेत्रांत थरथरली कीं तें क्षेत्र डळमळतें, आणि वेटोळ्यांत तितक्याच कंपनांची वीज उत्पन्न होते. ध्वनिवर्धकानें ती वाढवून कर्ण्याला दिली कीं आवाज तयार. १९३४ सालीं केलेल्या अर्जावर १९३७ सालीं ह्या युक्तीला पेटंट मिळालें. तें मिळविण्यासाठीं सोल हूपी ह्या प्रसिद्ध हवाईयन वादकासह कांहीं कलावंतांना पेटंटच्या कचेरींत प्रत्यक्ष वाजवून दाखवावें लागलें, अशी कथा सांगतात. पुढें ही विजेची गिटार जगभर गेली. ताऊ मो ह्या सामोअन वादकाचें कुटुंब १९४० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास राहून हें संगीत ऐकवीत असे; आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिप्ले यांची विजेवरील गिटार एका पिढीच्या कानांत बसली आहे.

मग युकुलेलेनें काय पाप केलें होतें? त्याचें उत्तर त्याच्या तारांत आहे. युकुलेलेच्या तारा मूळच्या तांतीच्या, म्हणजे जनावरांच्या आंतड्यांपासून वळलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा नायलॉननें घेतली. तांत काय किंवा नायलॉन काय, चुंबकाला तिची ओळख नाहीं. ती कितीहि थरथरली तरी चुंबकाचें क्षेत्र हलत नाहीं आणि वेटोळें मुकें राहतें. पोलादी तारा चढवाव्या तर त्यांच्या ताणानें नाजूक तबली वांकते, आणि उमटणारा नादहि युकुलेलेचा राहत नाहीं. म्हणजे हवाईच्या संगीतानें जगाला विजेची गिटार दिली, पण हवाईचें लाडकें वाद्य मात्र त्या देणगीबाहेर राहिलें. कित्येक दशकें त्याला मायक्रोफोनवरच भागवावें लागलें.

त्याच्या उपयोगी पडणारी विद्या मात्र त्याच्याइतकीच जुनी होती. १८८० सालीं, म्हणजे 'रेव्हन्सक्रॅग' होनोलुलूस लागल्यानंतर एका वर्षाच्या आंतबाहेर, पॅरिसमध्यें झाक व पियेर क्युरी ह्या बंधूंनीं असें दाखवून दिलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठभागांवर वीज प्रकट होते. त्यांच्या यादींत क्वार्ट्झ, टूर्मलीन, पुष्कराज, रोशेल क्षार हे पदार्थ होते, आणि उंसाची साखरहि होती. ज्या साखरेपायीं मदीराचे मजूर हवाईस गेले आणि ज्या साखरेपायीं हवाईचें राज्य गेलें, तिच्याच खड्यांत ही गूढ शक्ति दिसावी, हा निव्वळ योगायोग. पण इतिहास वाचणाऱ्याला क्षणभर थबकविणारा. ह्या शक्तीला आपण दाबविद्युत् म्हणूं. बाजारांत तिला 'पायझो' म्हणतात. दाब वाढला-कमी झाला कीं वीजहि तशीच वाढते-कमी होते. तेव्हां नादानें थरथरणाऱ्या लाकडाला असा स्फटिक भिडविला, तर तार पोलादाची आहे कीं तांतीची, हा प्रश्नच उरत नाहीं.

तरीहि हा स्फटिक वाद्यांपर्यंत यावयास वेळ लागला. पहिल्या महायुद्धांत पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठीं पॉल लाँजव्हँ ह्यानें क्वार्ट्झचा उपयोग केला. १९३० नंतर ग्रामोफोनच्या सुईमागें रोशेल क्षाराचे स्फटिक आले. पण ते दमट हवेंत बिघडत आणि उन्हाच्या तापानें निकामी होत. कोंकणच्या पावसाळ्यांत त्यांचें काय होत असेल ह्याची कल्पना आपण सहज करूं शकतों. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बेरियम टायटॅनेट आणि १९५० नंतर शिसें, झिर्कोनियम व टायटॅनियम यांची भाजलेली चिनीमाती निघाली; तिला दमटपणाची बाधा होत नाहीं आणि ती हव्या त्या आकारांत घडवितां येते. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत गिटारच्या घोडींत व तबलीवर असे पिकअप बसूं लागले, आणि १९६९ सालीं जपानांत कावाई ह्यांनीं लवचिक प्लास्टिकांतहि हाच गुण दाखविला, तेव्हां कागदासारख्या पातळ पट्ट्या करणें शक्य झालें. युकुलेलेच्या लहानशा घोडीखालीं मावेल असें साधन अशा रीतीनें शंभर वर्षांच्या वाटचालीनंतर तयार झालें.

आतां निवडीचा विचार करूं. दुकानांत आज मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला प्रकार घोडीवरील हाडाच्या पट्टीखालीं ठेवावयाच्या चपट्या पिकअपचा. तारांचा सारा दाब तेथेंच येत असल्यामुळें ह्याचा आवाज ठळक व खंबीर येतो, आणि कर्ण्याच्या किंकाळीला तो सहसा बळी पडत नाहीं. मात्र जोरानें छेडल्यास त्याला थोडा कोरडा, टोंचणारा स्वर येतो. दुसरा प्रकार नाण्याएवढ्या चकतीचा. ती तबलीच्या आंतल्या बाजूस, घोडीच्या खालीं, चिकटवितात. ती तारेपेक्षां लाकूड अधिक ऐकते. म्हणून तिचा नाद मोकळा व खऱ्या वाद्याच्या जवळचा असतो. पण अंगावर बोट आपटलें तरी तिला कळतें, आणि आवाज फार वाढविल्यास ती लौकर किंचाळते. तिसरा प्रकार वाद्याच्या पोटांत बसविलेल्या इवल्या मायक्रोफोनचा. त्याचा नाद सर्वांत नैसर्गिक, पण गोंगाटांत तो सर्वांत दुबळा. तेव्हां घरगुती मैफल, शाळेचें संमेलन किंवा शांत सभागृह असेल तर चकती घ्यावी. ढोल-ताशाच्या वा मोठ्या वाद्यवृंदाच्या शेजारीं बसावयाचें असेल तर घोडीखालची पट्टी घ्यावी. 'उत्तम पिकअप कोणता' ह्या प्रश्नाचें एकच उत्तर नाहीं. 'आपण कोठें वाजविणार' हें आधीं ठरविल्यास बाकीचें आपोआप ठरतें.

बसविण्याच्या कामांत उतावीळ करूं नये. घोडीखालची पट्टी बसवितांना तारा उतरवून हाडाची पट्टी अलगद काढावी. खांचेचा तळ स्वच्छ व सपाट करावा. खांचेच्या एका टोंकाशीं वायरीपुरतें बारीक छिद्र पाडावें आणि पिकअप आंत सरकवावा. पिकअपच्या जाडीइतकी हाडाची पट्टी खालून घासावी, नाहींतर तारा वर उचलल्या जाऊन बोटांना जड होतील. ही घासाई सपाट कांचेवर पॉलिशकागद ठेवून करावी. कारण पट्टीचा तळ केसभरहि वांकडा राहिला तर एक तार मोठ्यानें बोलते आणि दुसरी मुकी होते. मिरजेच्या कारागिरांना तंबोऱ्याची जवारी लावतांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हाडावरच्या केसभर फरकानें नाद किती बदलतो हें वेगळें सांगावयास नको. येथें त्याच जातीची सावधगिरी हवी. नायलॉनच्या तारांचा ताण मुळांतच थोडा. म्हणून पट्टी व पिकअप ह्यांचा स्पर्श सर्वत्र सारखा असणें अधिकच अगत्याचें.

चकती बसवितांना आधीं मेणासारख्या कोणत्याहि तात्पुरत्या चिकट वस्तूनें ती दोनतीन जागीं लावून ऐकून पाहावें. घोडीच्या बरोबर खालीं एक नाद येतो, अर्ध्या इंचानें सरकविल्यास दुसरा. कान समाधान पावला कीं मगच ती कायम करावी. जाड व मऊ चिकटपट्टी नादाचे बारीक अंश गिळून टाकते; म्हणून मधला थर होईल तितका पातळ ठेवावा. पोटांतली वायर मोकळी लोंबत ठेवूं नये. ती जागोजागीं दाबून न बसविल्यास वाजवितांना आंत खुळखुळते आणि पिकअप तो खुळखुळाटहि इमानानें ऐकवितो.

वायरीचें दुसरें टोंक बाहेर येतें तें वाद्याच्या बुडाशीं, सांकेट बसवून. त्यासाठीं सुमारें १२ मिलिमीटर व्यासाचें छिद्र लागतें. छिद्र पाडण्यापूर्वीं त्या जागीं आंतून लाकडाचा ठोकळा आहे कीं नाहीं हें आरशानें अवश्य पाहावें. नुसत्या पातळ बाजूवर सांकेट बसविल्यास वायरीच्या एका हिसक्यानें ती चिरते. लहान छिद्रापासून सुरुवात करून तें हळूहळू वाढवावें आणि बाहेरून चिकटकागद लावून घ्यावा, म्हणजे लाकडाच्या ढलप्या निघत नाहींत. कांहीं पिकअपांबरोबर आवाजाच्या खटक्यांची एक डबी येते. ती बसविण्यासाठीं वाद्याच्या कडेला चौकोनी भोंक कापावें लागतें. जुन्या, चांगल्या वाद्याच्या बाबतींत हें करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. सारें वाद्य अर्ध्या किलोहूनहि हलकें. त्यांत नऊ व्होल्टची ४५ ग्रॅमची बॅटरी व ती डबी घातली म्हणजे १९०७ च्या त्या बोजड वाद्यांचीच वाट धरल्यासारखें होतें.

त्याऐवजीं पिकअपचा दुबळा आवाज सांवरणारें पूर्ववर्धक यंत्र वाद्याबाहेर, कमरेला किंवा जमिनीवर, ठेवावें. ह्या यंत्राची गरज कां पडते तेंहि सांगितलें पाहिजे. पायझोची वीज फार क्षीण असते व ती थोड्याहि ओढीनें खचते. पिकअपची धारिता एक नॅनोफॅरड धरली आणि पुढच्या यंत्राचा रोध दहा लक्ष ओहम असला, तर सेकंदाला १६० कंपनांच्या खालचे स्वर क्षीण होतात. युकुलेलेच्या नेहमींच्या जुळणींत सर्वांत खालचा स्वर २६२ कंपनांचा असल्यामुळें कांहींच बिघडत नाहीं. पण तोच पिकअप दहा हजार ओहमच्या साध्या यंत्राला जोडला कीं ही मर्यादा १६,००० कंपनांवर जाते, म्हणजे जवळजवळ सारेंच संगीत मर्यादेखालीं सांपडतें. आणि मग टिनपाटासारखा किरटा आवाज येऊं लागतो. पुष्कळ लोक ह्याचा दोष पिकअपला देतात आणि नवा पिकअप घेतात. वस्तुतः दोष जोडणीचा असतो.

किंकाळीवरहि साधे उपाय आहेत. वादकानें कर्ण्याच्या तोंडासमोर बसूं नये. सेकंदाला २०० कंपनांच्या खालचा भाग यंत्रावर कमी करावा. वाद्याचा एकहि मूळ स्वर तेथें नसल्यामुळें नुकसान कांहीं होत नाहीं आणि पोकळींतील घुमारा बराच आवरतो. तेवढ्यानेंहि न भागलें तर नादछिद्रावर रबराचें झांकण बसवावें. हे सर्व उपाय मनांत येतील तेव्हां मागें घेतां येण्याजोगे आहेत, हा त्यांचा मोठा गुण होय.

आरंभीं ज्या प्रश्नांचीं उत्तरें एकाच ठिकाणीं सांपडतात असें मी म्हटलें, तें ठिकाण आतां श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल. बँजोच्या कातड्यानें युकुलेलेचा आवाज वाढविला, पण त्याची तबली घेतली. धातूच्या शंकूनें आवाज वाढविला, पण त्याचें लाकूड घेतलें. चुंबकानें त्याच्या तारा मागितल्या. पायझोचा स्फटिक तेवढा कांहीं न मागतां त्याच्याजवळ बसून ऐकतो. पिकअप निवडतांना हाच कस लावावा: वाद्याकडून तो काय मागतो? एखादें बारीक छिद्र, हाडाचा केसभर कीस, पातळसा चिकट थर, इतकें दिल्यास हरकत नाहीं. त्यापुढची मागणी होऊं लागली तर दोन घटका थांबून विचार करावा.

नूनिश व त्याच्या सोबत्यांनीं घडविलेलीं कांहीं वाद्यें आज संग्रहालयांत आहेत आणि कांहीं अजूनहि लोकांच्या घरीं वाजतात. तीं ज्या राज्यांत घडलीं तें राज्य राहिलें नाहीं. परंतु त्या लाकडांतून उमटणारा नाद अजून तोच आहे. आपल्या घरीं असें वाद्य असेल, मग तें कोआचें असो कीं साध्या लाकडाचें, तर त्याचा आवाज मोठा करण्यापूर्वीं तो एकदां शांत खोलींत, विजेवांचून, नीट ऐकून ठेवावा. पुढें कर्ण्यांतून येणारा आवाज त्याच्याशीं ताडून पाहतां येईल, आणि काय वाढलें व काय गळलें हें आपल्याच कानांना सांगतां येईल.